माझी लेक तुझ्याकडे बोलली

९ मार्च

धाकटे,

सात वर्षांनी लिहितेय, तर आधी खुशाली विचारायला हवी. पण शाळेची बस खाली उभी आहे आणि मुलांना चढवायला दहाच मिनिटं दिली आहेत, म्हणून कामाचं तेवढं लिहिते. हे पत्र खारूच्याच पिशवीत घालतेय.

बॉम्बहल्ले वाढले म्हणून मुलांना गावाबाहेर काढायचं ठरलं आहे. बाकीची मुलं तुमच्याकडच्या शाळेत राहतील. ज्यांचं तिथे कोणी आहे त्यांना त्यांच्याकडे सोडणार आहेत. खारूची मावशी तिथे आहे हे तुझ्या भाऊजींनी बस नेणाऱ्या मास्तरांना सांगितलं. मी सांगितलं नव्हतं. उगाच गैरसमज नको म्हणून लिहिलं.

हे वॉर्डात आहेत. वीजवाहिनी दुरुस्त करताना खांबासकट खाली आले. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जीव वाचला. मला गाव सोडता येत नाही, कारण रक्तपेढीत आम्ही चौघी होतो त्या दोघीच उरलो आहोत, आणि दुसरी परवापासून तापाने पडली आहे. फोन बंद आहेत. रक्ताच्या पिशव्या आणायला आमची अँब्युलन्स दर मंगळवारी तुमच्याकडे येते. ड्रायव्हरला सगळे मिशीवाले काका म्हणतात. पत्र त्यांच्याकडे देत जा.

आता खारूचं. नऊ वर्षांची आहे, अंगाने लहान दिसते. गेले अकरा दिवस ती एक शब्दही बोललेली नाही. डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, आपोआप उतरेल. तिला प्रश्न विचारू नकोस. केसांना एक दिवसाआड तेल लाव आणि दोन वेण्या घाल, मोकळे ठेवलेले तिला चालत नाहीत. दूध गाळून दे, साय आली तर ती पेला बाजूला सारते. झोपण्याआधी प्रार्थना असते. तिला सगळी तोंडपाठ आहे, मीच शिकवलीय. सध्या ओठ हलत नाहीत, पण हात जोडून बसते. तू जवळ नुसती बसलीस तरी चालेल. तू चर्चला जात नाहीस हे मला ठाऊक आहे. पण रविवारी तिला घेऊन जा. दारापर्यंत सोडलीस तरी पुरे.

एक लिहायचं राहिलं. ती घाबरली तर तिला मांडीवर घेऊन लाडावू नकोस. त्याने मुलं जास्त भितात. मी चौदा वर्षं संडेस्कूल घेतेय, मला मुलं कळतात.

थोरली


१७ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. त्याआधीच मिशीवाल्या काकांनी खालच्या मजल्यावरून ओरडून सगळ्या हॉस्पिटलला सांगितलं होतं, "बाई, तुमची पोर बोलली!" दारातली नर्स रडली, झाडूवाली रडली, ह्यांनी पलंगावर बसल्या बसल्या चादरीत तोंड लपवलं. मी मात्र रक्ताच्या पिशव्या मोजत उभी राहिले. एकवीस होत्या. पुन्हा मोजल्या, एकवीसच भरल्या.

खरं सांगू? पहिल्यांदा मनात आलं ते हे, की माझ्याकडे का नाही?

तू लिहितेस, तुझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात हवा भरताना टायर फुटला. तो आवाज ऐकून ती कामाच्या बाकाखाली शिरली आणि बाहेर येईना. तू बाहेर ओढली नाहीस. ग्रीसने माखलेल्या हातांनी तशीच बाकाखाली जाऊन तिच्याशेजारी बसलीस आणि म्हणालीस, "मीसुद्धा दचकले गं. बघ माझं काळीज." तिने तुझ्या छातीवर हात ठेवला. आणि मग म्हणाली, "मावशी, तुझं पण जोरात होतंय."

पाच शब्द. अकरा दिवस तिकडे आणि तीन दिवस तुझ्याकडे, एवढे दिवस साठवून काढलेले पाच शब्द, आणि ते तुझ्या काळजाबद्दल.

मी तिच्यासाठी काय काय केलं ते तुला ठाऊक नाही. रोज ड्यूटी संपवून आले की तिला समोर बसवून स्तोत्रं म्हणायची. तिच्या उशीखाली वचनं लिहून ठेवलेली होती. पाळक साहेब दोनदा येऊन गेले. सगळं चर्च तिच्यासाठी प्रार्थना करत होतं. आणि तुझ्याकडे एक टायर फुटला!

लहानपणापासून हेच बघतेय. पाढे पाठ करायचे मी, आणि बाबांनी मांडीवर घ्यायचं तुला. आईचं आजारपण दीड वर्ष मी काढलं. तू शेवटचे चार दिवस आलीस. आणि तिने शेवटी हाक मारली ती तुला. मी तिथेच होते, तिचा घसा ओला करत होते. हे मी कोणाला बोलले नव्हते. आज लिहून झालं, आता खोडत नाही.

आणि वेण्या कापल्यास? उवा झाल्या होत्या तर उवांचं औषध मिळत नव्हतं का तिकडे? काका म्हणतात, "पोर छान दिसते, हलकी झाली." त्यांना काय जातं बोलायला. ते केस मी कमरेपर्यंत वाढवले होते.

तिचा आवाज कसा येतो ते तू लिहिलं नाहीस. घोगरा आहे का? इतके दिवस बंद होता म्हणून विचारते.

थोरली


२४ मार्च

धाकटे,

ह्या वेळी तू चार पानं लिहिलीस. मी ती दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा अंगाचा तिळपापड झाला.

म्हणजे आता खारू एकटी नाही. शाळेत उतरवलेली मुलं दुपारी तुझ्या दुकानात येऊन बसतात. आधी तीन, मग सात, आता चौदा. पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते मुलांनी ओरडून सांगायचं. इथवर ठीक. पण मग तू त्यांच्याबरोबर प्रार्थना करतेस! कोणाला विचारून? चर्चची पायरी तू सात वर्षं चढली नाहीस. मी माणसांकरवी निरोप पाठवले, तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. आणि आता सायकलींच्या दुकानात चौदा मुलांची संडेस्कूल? तीही रोज?

तू लिहितेस, "ताई, मी काही शिकवत नाही. खारूने रात्रीच्या प्रार्थनेला हात जोडले आणि तिला शब्द सुचेनात, तेव्हा मी म्हटलं, चल, आज मी म्हणते. सात वर्षांनी तोंड उघडलं. मला काहीच आठवेना. म्हणून एवढंच म्हटलं, प्रभू, आम्हा दोघींना भीती वाटते, जवळ ये. आणि ती आमेन म्हणाली."

हे वाचून मला काय वाटलं ते लिहू की नको असा विचार करत होते. लिहिते. मला वाटलं, देवसुद्धा धाकटीकडेच गेला. मी इथे रोज त्याच्या दारात उभी आहे. चर्चच्या तळघरात पाणी साचतं, तिथे विटांवर फळ्या टाकून मी बसमध्ये जागा न मिळालेल्या मुलांना बसवते, भोंगा झाला तरी वर्ग चुकवत नाही. माझी मुलं सगळी वचनं खडखडीत म्हणतात. आणि भोंगा झाला की सगळी एकमेकांना चिकटून रडायला लागतात. मी म्हणते, "म्हणा माझ्यामागे, आम्ही भिणार नाही." ती म्हणतात. रडत रडत म्हणतात.

आणि तुझ्या दुकानातली मुलं म्हणे विमान गेलं की आधी एकेक जण सांगतो, पोटात कुठे दुखतं, पाय कसे लटपटतात. मग सगळी मिळून हळूहळू श्वास घेऊन देवाला हाक मारतात. मग घरच्या माणसांची नावं घेतात. मग पुन्हा पंक्चर. काकांनी स्वतः पाहिलं. ते म्हणाले, "बाई, शेवटी पोरं कशी शांत झाली! मीसुद्धा टोपी काढून उभा राहिलो." ते आयुष्यात कुठल्याही देवळात गेलेले नाहीत.

त्यात तू नावेची गोष्ट सांगितलीस. वादळ होतं, प्रभू नावेत झोपला होता, शिष्य घाबरले. ही गोष्ट मी किती वर्षं शिकवतेय. त्यात शिकवायचं ते हे की त्यांचा विश्वास कमी पडला. तू मुलांना सांगितलंस, "ते घाबरले, पण त्यांनी काय केलं? त्याला हलवून उठवलं. आणि तो उठला की नाही? भित्रट म्हणून कोणाला पाण्यात टाकून दिलं का त्याने?" आणि खारू म्हणाली, "मग आपण भ्यालो तर चालतं?" आणि तू म्हणालीस, "चालतं. आपण उठवायचं."

मला हे पटलेलं नाही. मुलांच्या डोक्यात असलं भरवणं बरं नाही. भीतीला मोकळं सोडलं तर ती घर भरून टाकते. आमच्यासारख्यांनी इथे कसं उभं राहायचं मग? माझे हात थरथरले तर चुकीच्या गटाची पिशवी जाईल आणि माणूस मरेल. मी भीत नाही, भिऊ शकत नाही.

पाळक साहेबांना तुझं पत्र दाखवलं. मला वाटलं ते रागावतील. त्यांनी वाचून घडी घातली आणि म्हणाले, "बरं शिकवतेय." चौदा वर्षांत मला ते असं एकदाही म्हणालेले नाहीत.

थोरली


३१ मार्च

धाकटे,

तू विचारतेस, ज्या दिवशी भाऊजी पडले त्या दिवशी मी खारूला काय म्हणाले होते.

काही नाही म्हणाले. ती त्यांना सोडत नव्हती, मी तिला बाजूला घेतलं, एवढंच. मुलं काहीतरी मनाने घेतात. घाईत होतो सगळे.

आणि हे असं तिला खोदून विचारू नकोस असं मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

ह्यांच्या पायाची जखम भरत आली आहे. कुबड्या आल्या. पहिल्याच दिवशी वॉर्डभर फिरून आले आणि म्हणाले, "आता खांबावर चढायला सांगितलं तर निम्म्या वेळात खाली येईन." सगळा वॉर्ड हसला. मला हसू आलं नाही.

दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

थोरली


७ एप्रिल

धाकटे,

मागचं पत्र खोटं होतं. ते फाड, किंवा ठेव. तुझी मर्जी.

त्या दिवशी दुपारी हॉस्पिटलकडे येणारी वीज गेली. जनरेटरला दोन तासांचं डिझेल होतं. रक्ताचे फ्रिज बंद पडले असते. ह्यांना बोलावणं आलं. हे बूट घालत होते, तेवढ्यात भोंगा झाला. खारूने ह्यांच्या पायाला मिठी घातली. "बाबा, नको जाऊ, नको जाऊ." एवढं एकच. हे खाली वाकून तिला समजावत होते, पण ती ऐकेना. आणि मला डोळ्यांसमोर माझे फ्रिज दिसत होते. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. आणि म्हणाले, "तू अशी भीत राहिलीस तर देव बाबांना कसं राखील? तुझ्या भीतीने आमच्या प्रार्थना अडतात."

जसंच्या तसं लिहिलंय. एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही.

तिने हात सोडले. रडणं गिळलं. हे गेले. तासाभराने ह्यांना उचलून आणलं.

माझ्या वागण्यातलं सगळ्यात वाईट अजून पुढे आहे. वॉर्डात तिला आणली तेव्हा तिने ह्यांच्या चादरीकडे पाहिलं, जिथे पाय असायला हवा होता तिथे. मग माझ्याकडे पाहिलं. तोंडाने काही विचारलं नाही. पण ती काय विचारतेय ते मला कळलं. कळलं होतं गं! एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं, नाही पिल्ला, तुझ्यामुळे नाही. मी म्हणाले, "चल, बाबांना झोपू दे." माझं चुकलं हे एका नऊ वर्षांच्या मुलीसमोर कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. त्या दिवसापासून ती बोलायची थांबली. आणि मी डॉक्टरांना सांगितलं, माहीत नाही कशाने.

ती तुझ्याकडे बोलली आणि मी जळत राहिले. माझ्याकडे ती कशाच्या भरवशावर बोलणार होती?

हे लिहायला मला आज का जमलं ते सांगते. रविवारी तळघरात वर्ग चालू होता. भोंगा झाला, आणि ह्या वेळी अगदी जवळ पडलं. छतातून वाळू गळायला लागली. माझ्या समोरच भट्टीवाल्याची पाच वर्षांची मुलगी बसली होती. तिचा फ्रॉक ओला झाला. बाकीची मुलं बघायला लागली आणि ती माझ्याकडे बघायला लागली. खारूने पाहिलं होतं ना वॉर्डात, अगदी तसंच. माझ्या तोंडाशी ठरलेलं वाक्य आलं होतं. आपण देवाची लेकरं, आपण भीत नाही. ते बाहेर पडेना. मी खाली फळीवर बसले आणि म्हणाले, "मुलांनो, मला भीती वाटतेय."

मग त्या चिमुरडीने विचारलं, "बाईंना पण?"

"हो. माझे हात बघा."

त्यांनी बघितले. चांगले लटलटत होते. एकाने माझं मनगट धरलं, मग दुसऱ्याने. मग मी तुझीच प्रार्थना म्हणाले, कारण दुसरी कुठलीच आठवेना. प्रभू, आम्हाला भीती वाटते, जवळ ये. त्यांनी माझ्यामागे म्हटली. कोणी ओरडून म्हटली नाही. वरून दोनदा आणखी आवाज आला. मुलं रडली, पण एकमेकांना तुडवत दाराकडे धावली नाहीत. शेवटी शेवटी ती चिमुरडी माझ्या मांडीवर झोपली. ओल्या फ्रॉकसकट.

मांडीवर घेऊ नकोस असं मी तुला लिहिलं होतं, नाही का!

आणि तिथे बसल्या बसल्या मला तुझं बाळ आठवलं. एकवीस दिवसांचं होतं. तू त्या छोट्याशा पेटीवर पडून रडत होतीस आणि मी तुला दंडाला धरून उठवलं. सगळ्यांदेखत म्हणाले, "देवाने दिलं, देवाने नेलं. विश्वास असणाऱ्यांनी असं रडायचं नसतं." तू त्यानंतर माझ्या घरी आली नाहीस. चर्चला आली नाहीस. मी सगळ्यांना सांगत राहिले की धाकटीचा विश्वास ढळला. तुझा विश्वास ढळला नव्हता. मी तुला दारातून हाकललं होतं.

उधळ्या मुलाच्या गोष्टीत तो घरी राहिलेला थोरला आहे ना, बाप आत मेजवानी देतोय आणि हा बाहेर रुसून उभा? मुलांना ती गोष्ट सांगताना मी त्याच्यापर्यंत कधी जातच नाही. धाकटा घरी आला, बापाने मिठी मारली, संपली गोष्ट, म्हणा आमेन. ह्यांनी मला एकदा विचारलंही होतं, "त्या थोरल्याचं पुढे काय होतं गं?" मी म्हणाले, वेळ संपला होता.

ह्यांना हे सगळं मी काल सांगितलं. तर म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मी खांब मोडला म्हणून पडलो, हे मला ठाऊकच आहे. जिला ठाऊक नाही तिला जाऊन सांग."

रक्तपेढीतली आजारी होती ती आता कामावर आली आहे. तिने दोन दिवस एकटीने सांभाळायचं कबूल केलंय. पुढच्या मंगळवारी काकांच्या शेजारी बसून येतेय. खारूला आधी सांगू नकोस. नाही, सांग. तिला तयारीला वेळ मिळू दे. आणि तुला मी नको असेन तर काकांकडे तसा निरोप दे, मी हॉस्पिटलच्या दारातच तिला भेटेन.

ताई


१६ एप्रिल

धाकटे,

पोचले. वाटेत पुलाजवळ तीन तास अडकलो, म्हणून उशीर झाला. पिशव्या बर्फात होत्या, सगळ्या नीट आल्या. हे दारात कुबड्यांवर उभे होते. पहिला प्रश्न, "सांगितलंस?" मी मान डोलावली.

तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहिते.

मी दुकानात शिरले तेव्हा ती चाकाच्या तारा आवळत होती. मान वर करून म्हणाली, "आई, थांब हं, दोनच राहिल्यात." घोगरा नाही आवाज. जाड झालाय थोडा. कापलेले केस, नाकावर ग्रीस. एक क्षण मला वाटलं, ही तुझीच मुलगी. तू मागे सरकून आत निघून गेलीस ते मी पाहिलं. तू गेली नसतीस तर बरं, असंही वाटलं, आणि गेलीस म्हणून राग पण आला नाही.

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. म्हणाले, "खारू, त्या दिवशी मी तुला म्हणाले ना, तुझ्या भीतीने प्रार्थना अडतात. ते खोटं होतं. तुझ्यामुळे बाबा पडले नाहीत. मला माहीत होतं की तू तसं समजतेस, आणि तरी मी सांगितलं नाही. माझं चुकलं."

मला वाटलं होतं ती गळ्यात पडेल. किती वेळा मनात रंगवलं होतं. तिने चाक फिरवून बघितलं, सरळ फिरतंय का ते.

"मग कशामुळे पडले?"

"कोणीतरी बॉम्ब टाकला म्हणून."

"आणि देव तेव्हा कुठे होता?"

चौदा वर्षं संडेस्कूलची बाई मी! उत्तर पाठ आहे. पण म्हणाले, "मला नीट माहीत नाही. बाबा म्हणतात, खाली पडल्यावर त्यांना एकटं वाटलं नाही. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, तर प्रत्येक वेळी तेच सांगतात."

तिने एक तार पुन्हा आवळली. मग म्हणाली, "मावशी म्हणाली होती की तुझ्यामुळे नाही. पण ते तू सांगायला हवं होतं."

बस्स. एवढंच म्हणाली आणि मला पाना धरायला दिला.

संध्याकाळी ते विमान आलं तेव्हा तू पाण्याच्या टबापाशी होतीस आणि मी दाराशी. ती दोघींच्या मधे होती. माझ्याकडे दोन पावलं, तुझ्याकडे सहा. मी हात पुढे केले होते. ती माझ्या हाताखालून निघून तुझ्याकडे धावली. धाकटे, आत काहीतरी फाटलं. पोटच्या पोरीने हात चुकवून जावं ह्यासारखं दुखणं नाही. तुझ्याकडे बघून त्या क्षणी मला तुझा राग आला, मी लपवत नाही. क्षमा मागायला आले होते आणि तुला हाताला धरून बाजूला करावंसं वाटलं.

तू तिला माझ्याकडे पाठवलं नाहीस. पाठवली असतीस तर ती आली असती, तुझं ऐकते ती, आणि मी तुला आयुष्यभर माफ केलं नसतं. तू तिला तशीच कुशीत धरून मला म्हणालीस, "ताई, उभी काय? इकडे ये की." आणि टब सरकवलास. मी त्या ओल्या फरशीवर येऊन बसले. तुझा खांदा मला लागला. सात वर्षांनी.

खारू म्हणाली, "आता सांगायचं. माझे कान दुखतायत. मावशी?"

तू म्हणालीस, "माझ्या गुडघ्यांत पाणी झालंय."

"आई?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिने थोडी वाट पाहिली. मग डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, आईला सांगता येत नाहीये, पण तिला पण भीती वाटते. तू ये. बाबांच्या पायाजवळ बस, जो नाही त्याच्याजवळ पण. मावशीच्या बाळाला सांग, आम्ही इथे आहोत." विमान केव्हा गेलं ते मला कळलं नाही. ती डोळे उघडून उठली आणि पंप शोधायला लागली. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. असं नुसतं उठून पंप शोधायला जाणारं मूल मी माझ्या वर्गात कधी पाहिलं नव्हतं.

तुझ्या बाळासाठी ती रोज असंच म्हणते का? मला हे ठाऊक नव्हतं. मी तर सात वर्षांत त्याचं नावही घेतलं नाही.

ती तुझ्याकडेच राहू दे. इथे अजून पडतंय. आणि ती तिथे नीट झोपते. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

मत्सर गेला असं लिहिणार होते, शुद्ध मनाने पत्र संपवावं म्हणून. गेला नाही. अँब्युलन्स निघाली तेव्हा ती तुझ्या कमरेला बिलगून हात हलवत होती, ते आठवलं की अजून जळफळाट होतो. पण आता मी ते देवाला तसंच सांगते, आवरून सावरून नाही. तो ऐकतो असं वाटतं. तुमच्या दुकानातून आल्यापासून वाटतं.

निघताना तिने खिडकीला लटकून मला विचारलं ते तू ऐकलंस. "आई, मला मावशी आहे. तिकडे तू भ्यालीस की कोणाला सांगशील?" काकांनी गाडी सुरू केली होती. आणि मागून तू म्हणालीस, "मला लिहील ती."

तर लिहिते. आज सकाळपासून दोनदा भोंगा झाला. दुसऱ्या वेळी मी फ्रिजला पाठ लावून खाली बसले होते. हातपाय गार पडले होते. खूप भ्याले गं.

ताई